झोकदाराच्या घरची चाल

अकोल्याच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांना सगळ्यात आधी सांगितलं, "चालून दाखवा."

मला हसू आलं. हसायची जागा नव्हती ती, पण आलं. माझ्या पाहणीच्या वेळी ह्यांच्या आत्यानं मला हेच सांगितलं होतं, "दोन पावलं चालून दाखव, पोरी." पोरीत खोट नको ना! मी मुकाट्यानं चालले. पोरालाही चालू द्या म्हणणारं त्या बैठकीत कोणी नव्हतं. इतक्या वर्षांनी आता ह्यांची पाळी आली होती.

डॉक्टरांनी फरशीची रेघ दाखवली. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत चला म्हणाले. दुसऱ्याच पावलाला ह्यांचा झोक गेला. दवाखान्यातल्या मदतनीस मुलानं धरलं म्हणून बरं. मग स्वतःच्या नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा, असं झालं. ह्यांचं बोट मधेच हवेत भटकत राहिलं.

एमआरआयची फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले, "हा सेरेबेलम, म्हणजे लहान मेंदू. शरीराचा तोल आणि हातापायांचा मेळ हा सांभाळतो. तो आकसलाय. मला हा स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया वाटतो. यात लहान मेंदू हळूहळू झिजत जातो. हा बहुधा घराण्यात चालत येतो. तुमच्याकडं आधी कोणाला होता?"

"नाही," आम्ही दोघं एकदमच बोललो.

"वडील कसे चालायचे?"

"मामंजी? त्यांची चाल तर अशी झोकदार होती..." आणि बोलता बोलता माझी जीभ अडकली.

आता हे समजावून सांगायला हवं. केनवडमध्ये आमच्या घराला आडनावानं कोणी ओळखत नाही. झोकदाराचं घर म्हणतात. मी नवी नवरी होते तेव्हापासून सासूबाई मला ऐकवत आल्या की ह्यांचे आजे छाती काढून, पाय फाकवून असे झोकात चालायचे, की बाजारात लोक बाजूला सरकायचे. चाळिशीनंतर मामंजीही तसेच चालू लागले, तेव्हा सासूबाईंना अभिमानच वाटला. पुढं मामंजींचं बोलणं जड झालं, पाणी पितानाही ठसका लागायला लागला, शेवटी खाट धरली, तेव्हा तो लकवा ठरला. ऐट वेगळी आणि लकवा वेगळा. दोन्ही एकच असतील असं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

झोक म्हणजे ऐट आणि झोक जातो म्हणजे तोल जातो. गावानं कोणता झोक पाहून नाव ठेवलं होतं, ते सांगायला आता कोणी जिवंत नाही.

त्या नावानंच आमचा घात केला. हे फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून जाताना सोयाबीनमध्ये पडले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "झोकदाराचा आहे बाप्पा, चाल येऊन राह्यली त्याले." शर्टाची बटणं लागेनात, चहा बशीतून सांडायला लागला. रिसोडला दाखवलं तर मणक्यात गॅप निघाली, पट्टा बांधला, इंजेक्शनं झाली. स्टँडवर लोक पिऊन आलाय समजून नाक मुरडत. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेला माणूस! माझा असा संताप व्हायचा की एकेकाच्या कानाखाली द्यावी.

जीन टेस्टसाठी ह्यांचं रक्त बाहेर पाठवलं. रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. रिपोर्टच्या दिवशी वेटिंग रूममध्ये एक बाई मला विचारत होती, "तुमच्या पेशंटले काय झालं?" मी म्हटलं, "तेच ऐकाले बसलो आहो." आत गेलो तर डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला होता. बरं करणारं औषध आज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. रोज फिजिओथेरपी करा, पडू देऊ नका, घास लहान घ्या. मग म्हणाले, "हा ऑटोसोमल डॉमिनंट आहे. म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता अर्धी असते. पोरगा असो की पोरगी. तुम्हाला मुलं किती?"

"एक पोरगी," मी म्हटलं.

"सज्ञान असेल तर टेस्ट करायची की नाही ते ती ठरवेल, तुम्ही नाही. आधी समुपदेशन, मग टेस्ट."

ह्यांच्यासाठी मी तोवर रडले नव्हते. प्रणालीसाठी तिथंच खुर्चीत रडले.

प्रणालीचं बी.एस्सी. झालेलं, आणि नेमकी त्याच आठवड्यातल्या रविवारी तिची पाहणी ठरलेली. मुलगा कामरगावचा, स्वतःचं मेडिकल, फोटोवरून दोन्हीकडं पसंत. घरी येऊन सगळं सांगितलं तर सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "कोणी तोंड उघडू नका. पोरीले काय झालं अजून? टुणटुण फिरून राह्यली."

खरं सांगू? मलाही झाकावंसंच वाटत होतं. आई आहे मी.

प्रणाली शांतपणे म्हणाली, "टेस्ट मी आत्ता नाही करत. मले इतक्यात माहीत नाही करून घ्यायचं. पण त्याइले सांगा. उद्या माह्या लेकराले असं झालं तं तुमी येसान का जबाब द्यायले?"

ठरलं मात्र काहीच नाही. ह्यांना ताप आहे सांगून मागच्या खोलीत निजवायचं, एवढंच सासूबाईंनी ठरवून टाकलं.

पाहुणे आले. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलाची आत्या हसत म्हणाली, "पोरी, दोन पावलं चालून दाखव बरं." प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं.

"तिले... नका... लावू." मागच्या दारात हे उभे होते. जीभ जड, शब्द ओढत काढलेले. "चाल पाह्यची ना? मंग... माही पाहा."

आणि हे चालले. भिंत सोडून बैठकीच्या मधोमध चालले. पाय फाकलेले, एक पाऊल इकडं, एक तिकडं, पाहुण्यांच्या ताटल्यांवर पडतात की काय असे. मुलगा उठून धरायला आला, तर ह्यांनी हातानंच त्याला थांबवलं. समोरच्या खुर्चीला धरून म्हणाले, "हे माह्या बापाले होतं. माह्या आज्यालेही असंन. पोरीले होईन, नाही तं नाही होईन. आता... तुमी ठरवा."

आईपुढं कधी तोंड न उघडणाऱ्या ह्या माणसाला मी अख्खा जन्म भित्रा समजत आले होते.

पाहुणे नीट बोलले, चहाही घेतला. निरोप मात्र आला नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण फोन वाजला की अजून मीच आधी उचलायला धावते.

पाहुणे गेल्यावर सासूबाई उंबऱ्यात जाऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग तुये मामंजी... झोकात नोयते चालत काय वं?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. डॉक्टरांनी घराण्याचं विचारलं की झटकन 'नाही' म्हणू नका. 'आमच्यात सगळे असेच चालतात, असेच बोलतात' असं जे तुम्ही कौतुकानं सांगता, ते आधी डॉक्टरांना सांगा. आजार थांबला नसता, पण फुकटचे पट्टे आणि इंजेक्शनं तरी टळली असती.

आता रोज सकाळी अंगणात चुन्याची रेघ असते. पुढं प्रणाली, तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं तिचे बाबा. टाचेला अंगठा लावत दोघं चालतात, पडता पडता हसतात. ह्या हसण्याचे उपकार मी विसरणार नाही. मी चहा घेऊन दारात उभी असते.

परवा प्रणाली मागं न वळताच म्हणाली, "आई, माह्या पायाकडं पाहू नको."

"नाही पाहून राह्यली बाप्पा. बाबाकडं पाहून राह्यली."

"खोटं नको बोलू."

मी कप तिथंच ओट्यावर ठेवले आणि आत गेले. मी तिच्याच पायांकडं पाहत होते.