अण्णा गांधी बझारला गेले होते

माझ्या सासऱ्यांचं नाव उमाकांत, पण घरीदारी सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांना सलग अर्धा तास एका खुर्चीत बसलेलं मी कधी पाहिलेलं नाही. जेवताना दोनदा तरी उठतात. बातम्या उभ्याने ऐकतात. बनशंकरीतल्या त्यांच्या घरापुढे छोटंसं अंगण आहे, तिथे फाटकापासून पायरीपर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालू असतात. शेजारचे जयसिंगराव म्हणतात, या माणसाच्या चालण्याने फरशा झिजल्या.

मिरजेहून ते एकोणीसशे ऐंशी साली बेंगळुरूला आले. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात लागले आणि चौतीस वर्षं तिथेच राहिले. तयार झालेला भाग मोजायचा आणि केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचा, हेच काम. "एक नट सैल राहिला तर वर आकाशात घट्ट करायला कोण जाणार?" असं ते विचारायचे. लग्न होऊन मी पुण्याहून या घरात आले तेव्हा माझ्या पोळ्याही ते त्याच नजरेने बघतात असं मला वाटायचं. बघतही असतील.

दोन हजार वीस साली गणेश चतुर्थी शनिवारी आली होती. सुहास, मी आणि आमची नऊ वर्षांची शलाका बेळ्ळंदूरला राहतो. एकाच गावात असून मार्चपासून आम्ही बनशंकरीला पाऊल टाकलं नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे कल्पनाआईंना, जुना दमा आहे. त्यामुळे अण्णांनी जुलैतच सांगून टाकलं, "या वर्षी नका येऊ. फोनवर बघा गणपती."

आईंच्या ते मनाला लागलं. दोन दिवस त्यांनी आमचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांचा निरोप आला, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो. यायचं असेल तर चौदा दिवस तिघांपैकी कोणी घराबाहेर पडायचं नाही. स्वयंपाकाच्या बाईंना सुट्टी द्यायची. सामान दाराशी मागवायचं. शलाकाने खाली खेळायला जायचं नाही. येताना गाडी वाटेत कुठे थांबवायची नाही, आपापल्या ताटवाट्या आणायच्या. आम्ही अंगणात खुर्च्या मांडू, अंतर मी मोजून ठेवीन.

"हे घर आहे की कारखाना?" मी सुहासला म्हटलं.

"आईला भेटायचंय ना?" तो एवढंच म्हणाला.

मग पाळलं आम्ही सगळं. दहाव्या मजल्यावरच्या त्या घरात दोघांची ऑफिसं, शलाकाची शाळा आणि तिन्ही वेळची भांडी. खालून मुलांचा आवाज आला की शलाका बाल्कनीच्या गजांना नाक लावून उभी राहायची. मी कॅलेंडरवर दिवस खोडत होते.

तिकडे बनशंकरीत काय चाललं होतं ते अण्णांनी मला नंतर सांगितलं, तेही चालता चालता. त्यांना घरात बसवेना. टेप घेऊन त्यांनी अंगण मोजलं, खडूने खुर्च्यांच्या जागा आखल्या, सड्याच्या पाण्याने पुसल्या गेल्या म्हणून पुन्हा आखल्या. सगळ्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तरी दिवस उरायचाच. दर वर्षी चतुर्थीच्या आधी गांधी बझारात जाऊन फुलं, दुर्वा, केळीचे खांब ते स्वतः निवडून आणायचे. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. या वेळी आईंनी सगळं घरपोच मागवलं होतं. आलं ते त्यांना पसंत पडलं नाही. दुर्वा पिवळ्या होत्या आणि केवडा नव्हताच.

गुरुवारी दुपारी आईंचा दम्याचा पंप आणायला ते स्कूटरवर निघाले. औषधाचं दुकान घरापासून दोन गल्ल्यांवर. पंप घेतला, खिशात टाकला. आणि स्कूटर घराकडे वळायच्या ऐवजी सरळ गेली.

"नुसतं लांबून बघू, असं ठरवलं होतं," ते म्हणाले. "पाच मिनिटं."

बझारात गर्दी असणारच होती. इकडे गौरीचा सण चतुर्थीच्या आदल्या दिवशी असतो, तो दुसऱ्या दिवसावर आलेला. अर्ध्या लोकांचे मास्क हनुवटीवर. अण्णा केवड्याच्या पाटीपर्यंत पोहोचले, आणि मागून केळीच्या खांबांनी भरलेला टेम्पो गल्लीत शिरला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. माणसं अंगाला अंग लावून उभी. तेवढ्यात कोणीतरी त्यांचा हात धरला. त्यांच्या कारखान्यातले जुने सोबती, आप्पाजी.

"काय सार, किती दिवसांनी!" आप्पाजींनी बोलायला मास्क खाली ओढला, आणि खोकले. "काही नाही, स्वल्प थंडी बाधलीय."

टेम्पो हलेपर्यंत वीस मिनिटं गेली. आप्पाजींनी तेवढा वेळ हात सोडला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी अंघोळ केली. केवडा बघून आईंनी विचारलं, "हा कुठून?"

"जयसिंगरावांनी दिला," अण्णा म्हणाले.

त्या क्षणापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. घोरण्याचं निमित्त सांगून त्यांनी बिछाना बाहेरच्या खोलीत हलवला. जेवायला ताट घेऊन खिडकीशी उभे राहिले. आई जवळ आल्या की हे दोन पावलं मागे. शुक्रवारी त्यांनी आम्हाला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारून ठेवून दिला. एकदा तर गाडीच्या चाकांत हवा किती आहे ते विचारलं.

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास आमची गाडी फाटकाशी थांबली. अण्णा पायरीवर उभे होते, तोंडावर मास्क, अंगावर सोवळं नव्हतं. साधा शर्ट. मला जरा नवल वाटलं. शलाकाने दार उघडलं आणि "आजोबा!" म्हणत ती पळत सुटली.

"थांब! तिथेच थांब!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शलाका अंगणाच्या मधोमध खडूच्या गोलात थबकली. तिचा चेहरा रडवेला झाला.

"तुझं काही चुकलं नाही, बाळा," अण्णा म्हणाले. "मागे जा. आईजवळ जा." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "मी परवा गांधी बझारला गेलो होतो. गर्दीत अडकलो. एक माणूस माझ्या तोंडासमोर खोकला. तुम्ही आत येऊ नका."

ओले हात पुसत आई दारात आल्या होत्या. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं.

"तुम्ही पंप आणायला गेलात ना?"

"पंपही आणला."

"आणि केवडा जयसिंगरावांनी दिला?"

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

माझ्या डोक्यात सणक गेली. "चौदा दिवस, अण्णा," मी म्हटलं. "चौदा दिवस ही पोर बाल्कनीत उभी होती. तुमच्या कागदावर लिहिलं होतं म्हणून. आणि तुम्ही केवडा आणायला जाता?"

"अमृता," सुहास म्हणाला.

"बोलू दे तिला," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे तिचं."

शलाकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी पुढचं वाक्य गिळलं.

दहाव्या दिवशी माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी मी तिला समोरच्या घरी, शाल्मली नावाच्या तिच्या मैत्रिणीकडे तासभर सोडलं. येताना बजावलं, आजोबांना सांगायचं नाही हं. सुहासलाही मी बोलले नव्हते. कॅलेंडरवरचा तो दिवस मी बाकीच्यांसारखाच खोडला होता.

"जाऊ या परत," सुहास म्हणाला. "अण्णा, नंतर बघू."

"परत कुठे?" आई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि त्या अण्णांकडे बघत नव्हत्या. "गणपती पूजेशिवाय बसलाय सकाळपासून. सुहास, पूजा तू करायचीस. मी मूर्ती पडवीत आणून ठेवते आणि आत जाते, खिडकीत बसते. तू हात धू, मग पुढे हो. तुम्ही दोघी फाटकाशी." दाराकडे वळता वळता त्या म्हणाल्या, "आणि यांनी गच्चीवर जावं."

अण्णा बाहेरच्या जिन्याने गच्चीवर गेले.

सुहासने आयुष्यात पहिल्यांदा पूजा केली. फोनवर बघून मंत्र वाचत होता, मध्येच ऑफिसचा फोन आला तो कापला, तर मंत्रही गेले. वरून आवाज आला, "आधी प्राणप्रतिष्ठा! मग पंचामृत!" कठड्यावरून अण्णांचं अर्धं डोकं दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. वर त्यांच्या येरझाऱ्या चालूच होत्या. आरतीला आम्ही फाटकातून, आई खिडकीतून आणि अण्णा वरून म्हणत होतो. कोणाचंच कोणाशी जुळत नव्हतं. समोरच्या घरातली अक्का बाहेर येऊन हात जोडून उभी राहिली. शलाकाला एवढ्या गोंधळात हसू आलं. मला नाही आलं.

आईंनी मोदकांचं पातेलं वाफेसकट पडवीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि त्या मागे सरल्या. सुहास आणि शलाका गाडीच्या बॉनेटवर ताटल्या ठेवून खायला लागले. मी गाडीत बसले, काच वर केली आणि अण्णांना फोन लावला. ते मला समोर गच्चीवर दिसत होते. त्यांनी खिसे चाचपले, फोन काढला.

"अण्णा, शलाका दहाव्या दिवशी शाल्मलीकडे तासभर खेळली. मीच पाठवली. मी आत्ता ओरडले तुमच्यावर, पण..."

ते चालायचे थांबले.

"खिडक्या उघड्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक."

"त्यांच्याकडे कोणाला ताप, खोकला?"

"नाही. कालपर्यंत तरी नाही."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. मग पुन्हा चालायला लागून, "सुहासला माहितीये?"

"नाही."

"सांग त्याला. दोन दिवस मी तुझ्या सासूला खरं सांगितलं नाही ना, फार जड गेलं."

ते मी त्याला घरी जाताना रिंग रोडच्या सिग्नलवर सांगितलं. सुहासने मागे वळून शलाकाकडे पाहिलं आणि सिग्नल सुटला तशी गाडी पुढे काढली.

रविवारी विसर्जन अंगणातल्या बादलीत झालं. तळ्यांवर बंदीच होती. आम्ही ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. मंगळवारी जयसिंगरावांनी बातमी आणली की आप्पाजींना दवाखान्यात दाखल केलंय, प्राणवायू लावलाय. अण्णांनी त्याच दिवशी स्वतःची आणि आईंची तपासणी करून घेतली. निकाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस त्यांनी आईंचा पंप स्वतःच्या हाताने दारात ठेवला, आणि आईंना नुसता ठसका लागला तरी हे पलीकडच्या खोलीतून उठून उभे राहायचे.

दोघांनाही काही झालं नव्हतं. आप्पाजी तीन आठवड्यांनी घरी आले, पंधरा किलोने उतरलेले. सुहास हसून फोनवर म्हणाला, "म्हणजे अण्णा, आम्ही आत आलो असतो तरी चाललं असतं!"

"चाललं असतं," अण्णा म्हणाले. "पण त्या दिवशी मला कुठे माहीत होतं?"

आई त्या बोलण्यात हसल्या नाहीत. त्यांचा राग आजाराबद्दल नव्हताच. मला एकदा भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत या माणसाने मला खोटं सांगितलं नव्हतं गं. आणि सांगितलं ते केवड्यासाठी."

तेव्हापासून एक गोष्ट झाली आहे. अण्णा चपला घालू लागले की आई आतून विचारतात, "कुठे?" आधी त्या कधी विचारत नसत. आणि अण्णा, ज्यांना दोन मिनिटं थांबणं जमत नाही, ते एक चप्पल हातात धरून दारात उभे राहतात आणि सगळं सांगतात. किराण्याचं दुकान, मग टपाल, वाटेत जयसिंगराव भेटले तर पाच मिनिटं, येताना कोथिंबीर.

"बरं," आई म्हणतात, कधी लगेच, कधी जरा वेळाने. तोवर ते तिथेच उभे असतात.