नानांचं घड्याळ आणि सात मे

त्या दिवशी सकाळी मी घरातल्या जुन्या संगणकाची तारीख थेट पुढच्या वर्षाच्या मे महिन्यात ढकलली आणि तशीच ठेवून दाढी करायला गेलो. केदारखेड्याच्या, मुलाकडच्या पाहुण्यांनी माझ्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नासाठी पुढच्या वर्षीचा सात मे सुचवला होता. वार कोणता येतो, एवढंच मला बघायचं होतं. तेही चोरून, कारण खुद्द मनीषाला अजून काही विचारलंच नव्हतं. आणि मी तारीख बघितली त्याच दिवशी दुपारी बाराला, त्याच संगणकावर, पुण्याच्या कॉलेजातल्या प्रवेशासाठी तिची मुलाखत होती. मोबाईल चालणार नाही, असं पत्रातच लिहिलेलं.

साडेदहाला मनीषा ओरडली, "बाबा, नेट न्हाई!"

एकही पान उघडेना. मी नेटचा डबा बंद-चालू केला, वायर काढून फुंकली, शेवटी संगणकाच्या पाठीत थाप मारली. रेडिओच्या काळातला शाळामास्तर मी. तारखेचा आणि नेटचा काही संबंध असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मनीषा रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. मी नानांना आणायला पळालो.

नाना म्हणजे आमच्या जाफराबादचे, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की ते आधी भिंतीवरचं घड्याळ बघत. मनगटावरच्याशी ताडत, आणि चुकलेलं असलं तर स्टुलावर चढून नीट करूनच बसत. "ज्या घरचं घड्याळ खोटं बोलतं, तिथला चहा मला पचत न्हाई," म्हणायचे. देवळातल्या घड्याळालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

"नाना, जल्दी करा!" मी म्हणालो.

"गुरुजी, घाबरल्या हाताला तार घावत न्हाई. पाव्हण्यावानी बाहेरून आत यायचं."

ते आधी खांबाकडे गेले. वय सत्तर. ते शिडीवर चढले, मी खाली धरून उभा. शिडी थरथरत होती. ती त्यांच्या पायांनी की माझ्या हातांनी, हे सांगता आलं नसतं. तिथून बोटांनी वायर चाचपत ते घरात आले, डब्यावरचे दिवे पाहिले.

"तार बराबर हाय. खोटं आत हाय. पण आतलं मला कळत न्हाई."

पावणेबारा झाले होते. मनीषा खुर्चीत दगडासारखी बसलेली. सवयीनं नानांनी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ मनगटाशी ताडली. मिनिटं जुळत होती. ते आणखी वाकले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सात मे. पुढलं साल!"

मी मान वळवली. दारात बायको उभी होती; ही तारीख कुठली, ते तिलाही ठाऊक होतं.

"माय, आजची तारीख टाक बरं," नाना म्हणाले. मनीषानं टाकली, आणि पान उघडलं. "तारीख चुकली की साइट आपल्यावर भरोसा ठेवत न्हाई, बाबा," ती म्हणाली. बाराला सात मिनिटं होती.

कुणी हात लावला, असं नानांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघत एवढंच म्हणाले, "वय झालं की मशीन बी इसरतं. काय गुरुजी?"

"हो ना," मी म्हणालो. कबूल करायची तेवढी एक संधी होती, ती मी अशी घालवली. आम्ही बाहेर येऊन बसलो, आणि आतून मनीषाचा आवाज येऊ लागला. आधी कापरा, मग मोकळा. नाना चहा प्यायले.

मनीषा पुण्याला गेली. केदारखेड्याचे पाहुणे मात्र पुन्हा का बोलले नाहीत, ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. त्यांच्या मातीहून परतलो, आंघोळ केली आणि भिंतीकडे पाहिलं. घड्याळ चार मिनिटं मागं होतं. मी स्टूल ओढलं. बायकोनं ते न सांगता धरलं.

मी काटा सरकवत असताना ती खालून म्हणाली, "पाव्हण्यांना मी मुलाखतीच्या त्याच दुपारी न्हाई म्हणून कळवलं होतं. आता पुन्हा तारीख बघायची झाली, तर आधी मनीषाला विचारा."