सोमवारची गोळी

अमरावतीला दातांच्या दवाखान्यात एक मावशी माझ्या शेजारी बसल्या होत्या, पदराचा बोळा गालावर दाबून. त्यांच्या जबड्याच्या हाडात स्क्रू घालून दात बसवायचा होता. नर्सनं विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" त्या नाही म्हणाल्या.

मग माझ्याशी बोलता बोलता म्हणाल्या, "आज सोमवार. सकाळी हप्त्याची हाडाची गोळी घेतली का अर्धा घंटा आडवं होता येत नाई."

मी चपापले. हीच गोळी मीही घेते. तिच्यामुळे जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही, असं सांगून डॉक्टरांनी माझा दात बसवणं थांबवलं होतं.

"मावशी, हे आत सांगा."

"ते दवाई कुठं होय? ते तं हाडाची ताकद होय."

मी समजावलं. त्यांचा गालावरचा हात हळूहळू कमरेवर आला.

"कंबर मोडली होती माही. या गोळीच्या भरोशावर उभी झाली. आता तेच तोंडातलं हाड खाईन म्हणता?"

आतून त्यांना हाक आली. त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"तुमी चाला संगं. मले भेव लागते. त्यायनं पुसलं, तं मी पुन्हा नाईच म्हणीन."