न दिलेली माफी

हजला निघालेला माणूस दारात येऊन ‘बोललंचाललं माफ करा’ म्हणतो, तेव्हा त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायची हिंमत आहे तुमच्यात? ओमानमधल्या मत्रहच्या आमच्या गल्लीत ती एकाच बाईत होती.

चाची रत्नागिरीकडच्या. बायकांचे नमाजाचे कपडे शिवायच्या. दोरा दातांनी तोडायच्या, तुकडा थुंकायच्या आणि ओरडायच्या, “यल्ला, पुढची!” दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी.

त्यांचे नवरे, चाचा, जन्मभर दूरच्या खाबुऱ्याहून भाजीचा ट्रक चालवून कंबरेतून गेलेले. उमऱ्याला, मक्केच्या छोट्या यात्रेला, जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला: मक्केहून मदिनेला त्या वेगवान रेल्वेने जायचं. “रस्ता पुष्कळ बघितला. आता रुळावरून ने.” गट नेणारा एजंट त्यांच्याच गावचा. छातीवर हात ठेवून ‘हो, इन्शाल्ला’ म्हणत त्याने रेल्वेचे पैसे घेतले, आणि मक्केत सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. मदिनेत चाचा हॉटेलच्या पलंगावरून उठलेच नाहीत. मशिदीचे मिनार खिडकीतून बघून परतले. काही महिन्यांत वारले.

“मी इन्शाल्ला म्हटलं होतं, चाची,” एजंट म्हणाला.

“इन्शाल्ला अल्लाच्या मर्जीसाठी. तुझ्या चोरीसाठी नाय.”

पुढच्या वर्षी तो स्वतः हजला निघाला. रिवाजाप्रमाणे दारोदार माफी मागत चाचींकडे आला. मी तिथेच शेवया खात बसले होते.

“चाची, कहासुना माफ.”

“नाय.”

शेजारचा अत्तरवाला कळवळला. “द्या ओ चाची, अल्लाच्या घरी चाललाय!”

“मग तिथंच मागू दे. माझ्याकडची संपली.” मग माझ्याकडे वळून, “तू खा गो, थंड होतंय.”

त्याचं तोंड उतरलं. मला आनंद झाला, लपवत नाही.

मदिनेला तो रेल्वेनेच गेला. खिडकीशी बसलेला फोटो साऱ्या गल्लीला पाठवला. चाचींनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला. “सीट मऊ दिसते,” एवढंच म्हणाल्या.

गेल्या थंडीत चाची गेल्या. दुकानाला कुलूप आहे. मयतीला आलेला एजंट जो भेटेल त्याला सांगत होता, “शेवटी मला बोलावून माफ केलं हो त्यांनी.” साफ खोटं. शेवटचे दिवस मी त्यांच्या उशाशी होते. त्यांनी कुणालाही बोलावलं नाही.

आता तो पुन्हा गट जमवतोय आणि ही माफी मिरवतोय. तुमच्याकडे आला, तर चहा विचारण्याआधी, घरातल्या सगळ्यांसमोर त्याला सांगा: चाचींनी तुला माफ केलेलं नाही.