खिडकी किती शिफ्टची?

पॉवरलूमच्या शेडला लागून घर असलं की कपाटावर कापसाची रुई बसते. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा बसलेली. बाबांच्या फुटबॉल टीमचे किस्से तसेच आहेत. एक सांगून होईपर्यंत दुसरा चहा प्यायला घरात आलेला असतो. मी वर्गात फारसं बोलत नाही, म्हणून मैत्रिणींना वाटतं की आमच्या घरी काही घडतच नसेल. त्यांच्यासाठी हे लिहून काढलं आहे.

बाबांना भिवंडीच्या नारपोलीत सगळे बाळाराम शेठ म्हणतात. त्यांची चोवीस लूमची शेड आहे आणि कारागिरांची एक टीम आहे. कामतघरला माझ्या मावशीचे यजमान, भास्करकाका. त्यांचीही शेड, त्यांचीही टीम. लग्नात हे दोघे साडू एकाच पंगतीला बसतात आणि जेवता जेवता एकमेकांचे खेळाडू फोडायचं बघतात.

आता मुख्य गोष्ट. कारागिराला पैसे विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळतात. तो प्रॅक्टिसला गेला की लूम बंद आणि कमाईही बंद. म्हणून शेठ त्याला सुट्टीची शिफ्ट देतो, म्हणजे तू खेळायला जा, शिफ्ट भरली असं आम्ही धरू. खेळाडू जितका चांगला, तितक्या त्याच्या शिफ्ट जास्त. एका वर्षी भास्करकाकांनी त्यांच्या सेंटर फॉरवर्डला इतक्या शिफ्ट दिल्या की सीझन संपल्यावर त्याला तुटलेला धागा जोडता येईना!

तेव्हा आमच्या शाळेचे पीटीचे देसले सर मध्ये पडले. टूर्नामेंटची कमिटी म्हणजे तेच, आणि रेफरीही तेच. परदेशात क्लबने खेळाडूंवर किती खर्च करायचा त्याला कॅप, म्हणजे मर्यादा, असते, असं त्यांनी सगळ्या शेठ लोकांना समजावलं. पण आमच्याकडे पगाराचा खरा आकडा कोण सांगणार? म्हणून कॅप शिफ्टची ठरली. एका टीमला आठवड्याला तीस सुट्टीच्या शिफ्ट. त्यात अकराच्या अकरा जण बसवायचे.

बाबा आणि भास्करकाका दोघेही हसत हो म्हणाले. सरांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

*

पहिल्याच महिन्यात भास्करकाकांनी खेळाडूंना साखरपुड्याचं जेवण दिलं. मटण, भाकरी, सगळं. साखरपुडा कोणाचा, हे मात्र कोणाला सांगता येईना. मावशीने आईला फोनवर सांगितलं की मुलगी नाही, मुलगा नाही, नुसतंच जेवण होतं. आईने ते बाबांना सांगितलं आणि बाबा थेट सरांकडे गेले. मटण कॅपमध्ये धरा म्हणाले.

सर पेचात पडले. चहापाणी चालतं, मग मटण का नाही? आणि मटण धरलं तर किती धरायचं? शेवटी आमच्या ओटीवर बैठक बसली. मी चहा घेऊन गेले तेव्हा सर निकाल देत होते.

"रस्सा मोफत. तुकडे मोजायचे."

*

आमचा स्ट्रायकर मुख्तार. भिवंडीत त्याच्याएवढं जोरात कोणी मारत नाही, आणि त्याच्याएवढ्या शांतपणे सौदाही कोणी करत नाही. भास्करकाका त्याला आठ शिफ्ट द्यायला तयार होते. बाबांकडे त्याच्यासाठी सहाच उरत होत्या. बाबांनी हात जोडून त्याला तसं सांगितलं. मुख्तार म्हणाला, "सेठ, शिफ्ट छह ही रखो. मुझे खिडकीवाला लूम दे दो."

शेडमध्ये उन्हाळ्यात जो कोणी उभा राहिला आहे, त्याला या मागणीची किंमत कळेल. बाबांनी आनंदाने खिडकी दिली. ही गोष्ट डिफेन्सला कळली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बॅक आणि हाफ येऊन उभे राहिले, त्यांनाही खिडकी पाहिजे. शेडला खिडक्या दोनच. बाबांनी गवंडी बोलावला आणि मागची भिंत फोडून तिसरी काढली.

भास्करकाकांची तक्रार गेलीच. सर पाहणीला आले आणि नव्या खिडकीसमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "शेठ, ही खिडकी किती शिफ्टची?"

तेवढ्यात आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली. "सर, जरा बाजूला व्हा," म्हणाली आणि खिडकीच्या गजाला दोरी बांधून तिने माझा शाळेचा युनिफॉर्म वाळत घातला. घरच्या कामाची खिडकी कॅपमध्ये बसत नाही, असं ठरलं. पुढचा महिनाभर माझा युनिफॉर्म रोज तिथेच वाळत होता, आणि त्यामागे आमचा लेफ्ट बॅक लूम चालवत होता.

*

सगळ्यात मोठी पळवाट लोडशेडिंगची होती. लाईट नसताना लूम तसाही बंद असतो, तेव्हा त्या वेळची प्रॅक्टिस शिफ्टमध्ये धरत नाहीत. झालं! कामतघरची लाईट दुपारी तीनला जायची, म्हणजे उन्हं उतरता उतरता त्यांची फुकट प्रॅक्टिस. आमची जायची भर बाराला. आमचे खेळाडू तासाभरात घेरी येऊन पडायचे.

बाबा वीज ऑफिसात अर्ज घेऊन गेले. नारपोलीची लाईट तीननंतर घालवावी, आणि जमल्यास थोडी जास्त वेळ घालवावी. तिथल्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, पंखा वाढवला आणि बाबांना पाणी दिलं. इतकी वर्षं लोक शिव्या द्यायला येतात, लाईट घालवा म्हणून विनंती करणारे तुम्ही पहिलेच, असं म्हणत त्यांनी शिपायाला दाखवायला अर्ज ठेवून घेतला.

पुढच्या महिन्यात सगळीकडेच वेळापत्रक बदललं आणि आमचीही लाईट तीन ते सहा जाऊ लागली. ते अर्जामुळे नव्हतं, पण बाबांनी पेढे वाटले. पेढे वाटल्यामुळे गल्लीतल्या बायकांना वाटलं की हे बाबांचंच काम. त्या ओटीवर आल्या तेव्हा बाबा मागच्या दाराने प्रॅक्टिसला गेले होते. आईने सगळ्यांना बसवलं, हातात पंखे दिले आणि सांगितलं, "माझंही ऐकत नाहीत हो. तुम्हीच बोला."

*

गोलकीपर बाबांना टेम्पोजवळ सापडला. काशिनाथ, गणेशपुरीच्या पलीकडच्या डोंगरपाड्यावरचा. भाताची कामं संपली की यष्टीने भिवंडीला येतो आणि हमाली करतो. टेम्पोवरून वरचा माणूस कापडाचे तागे फेकत होता आणि हा खाली उभा राहून एकही न पाडता झेलत होता. बाबांनी त्याला तिथून उचललाच. त्याची एक दिवसाची मजुरी म्हणजे एक शिफ्ट असं कमिटीने मान्य केलं. प्रॅक्टिस आणि मॅच मिळून दोन शिफ्ट. आमचा हिशेब बरोबर तीसला टेकला.

माझ्याहून कमी बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. एका रविवारी त्याने न बोलता ओटीवर एक पिशवी ठेवली. घरचे नवे तांदूळ होते. बाबांचे डोळे चमकले. ते सरांना म्हणाले, "खेळाडूनेच शेठला दिलं, म्हणजे आमची एक शिफ्ट वाढायला हवी."

पण आमच्याकडे आलेली पिशवी रिकामी परत देत नाहीत. आईने त्यात सुकट भरून दिलं होतं. मावशीला ते कळलं, म्हणून भास्करकाकांना कळलं. सुकट म्हणजे खेळाडूला दिलेला मोबदला, धरा कॅपमध्ये! सरांनी डोकं धरलं. शेवटी तांदूळ आणि सुकट फिट्टंफाट झाले.

*

यानंतर बाबांनी एक मोठी चूक केली. भास्करकाकांचे लूम बिघडले होते आणि त्यांना जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा माणूस, हवा होता. आमचा जॉबर राजू टीममध्ये राइट बॅक होता, आणि अगदी वाईट होता. बाबांनी राजू देऊन त्यांचा विंगर घेतला. घरी येऊन आईला सांगितलं की भास्करला चांगलाच फसवला.

तीन दिवसांनी विंगर बहिणीच्या लग्नाला गावी निघून गेला. चौथ्या दिवशी आमचे सहा लूम बंद पडले. दुरुस्त करणारा कामतघरला होता, आणि तिथले सगळे लूम छान चालत होते.

आई शेडमध्ये आली. बंद लूमकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "अहो, या वर्षी टूर्नामेंटची शिल्ड आली तर टीम ठेवा. नाही आली तर बंद. मला शेड चालवायची आहे."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. टीम सोडून बाबांना दुसरा कसलाच नाद नाही, हे आईलाही माहीत होतं. पण सहा लूम बंद होते.

*

फायनलला समोर भास्करकाका. दुसरं कोण असणार? कोणाचीही शिफ्ट खर्च होऊ नये म्हणून मॅच लोडशेडिंगमध्ये ठेवली होती, आमच्या शेडच्या मागच्या मैदानावर. आई पहिल्यांदाच मॅच बघायला आली आणि मावशीशेजारी बसली. मी दोघींच्या मागे.

मुख्तारचा एक बॉल बारला लागला. त्यांचे दोन काशिनाथने झेलले, ताग्यांसारखे. शेवटची काही मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. बाबा नखं खात होते. बरोबरी झाली तर शिल्ड मागच्या वर्षीच्या विजेत्याकडे राहणार होती, म्हणजे कामतघरला.

बॉल काशिनाथच्या हातात होता, आणि वेळेच्या आधी लाईट आली.

आधी एका शेडमध्ये खटखट सुरू झाली, मग दुसऱ्या, मग चारही बाजूंनी. लूमचा आवाज ऐकला की कारागिराचे पाय आपोआप शेडकडे वळतात, कारण उभा लूम म्हणजे गेलेले मीटर. कामतघरचे दोन्ही बॅक मैदानाबाहेर निघाले. आमचे हाफही निघाले. मुख्तारसुद्धा चार पावलं गेला. त्यांचा गोलकीपर पोस्टला टेकून कोणाच्या शेडची ट्यूब लागली ते बघत होता.

काशिनाथने बॉल खाली ठेवला. पास द्यायला डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोणीच नव्हतं. म्हणून तो स्वतःच निघाला. अख्खं मैदान त्याने न धावता पार केलं आणि बॉल आत ढकलला.

भास्करकाका ओरडतच आत आले. हे ठरवून केलंय, सगळे थांबले मग हा एकटाच कसा खेळत राहिला? सरांनी काशिनाथला बोलावून तेच विचारलं.

काशिनाथ गोंधळून म्हणाला, "आमच्या पाड्याव लाईटच न्हाय, सर. ती आली का काय करतात, मला काय म्हाईत?"

शिट्टी सरांनी वाजवलेलीच नव्हती. गोल दिला. उरलेल्या मिनिटांत काही झालं नाही.

शिल्ड बाबांच्या हातात आली तेव्हा भास्करकाका तिकडे पाठ करून काशिनाथजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी किती शिफ्ट घेशील?"

आई मावशीशेजारून उठली.

"भावोजी, त्याला काय विचारता? आमचा आहे तो."