फडकं आत, दोरा बाहेर

दोघं पुलापर्यंत चालत आले होते. पूल ओलांडल्यावर दादांनी थांबून चपलेतला खडा काढला आणि चपलेकडेच बघत म्हणाले, "ठरलं. बंद करतो गॅरेज."

"बंद केलं म्हणून देव काही उपाशी ठेवणार नाही, दादा," धाकटी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. ऊन तापलं होतं, गाडी मागे रस्त्याच्या कडेला सोडली होती आणि घर अजून कुठच्या कुठे होतं.

दादा म्हणजे तिचे मोठे दीर. आईवडील गेल्यावर त्यांनी लग्नाचं नाव काढलं नाही, भावाला वाढवलं. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्याला शिकवलं. त्या भावाला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, सगळे अजून बारक्याच म्हणत. आता बारक्याला गाडीखाली सरकायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे, ती गोष्ट वेगळी.

दादांची तपासायची एक रीत होती. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगायला लागलं की ते हात वर करत. "काय झालंय ते गाडी सांगेल. त्याच्या आधी तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा." मग बॉनेट उघडून नुसते उभे राहत, देवळात गेल्यासारखे. वास घेत. कान लावत. हत्याराला हात सगळ्यात शेवटी.

आणि एक नियम होता, त्यांच्या वडिलांपासूनचा. इंजिनाचं किंवा टाकीचं कुठलंही तोंड उघडं ठेवायची वेळ आली की त्यात फडक्याचा बोळा घालायचा, म्हणजे आत कचरा जात नाही. पण फडक्याच्या कोपऱ्याला हातभर दोरा शिवलेला हवा, आणि तो बाहेर लोंबायला हवा. "फडकं आत, दोरा बाहेर," असं दादा दिवसातून एकदा तरी म्हणत. हे दोरे धाकटी शिवायची. दादांच्या फडक्यांना तांबडा, बारक्याच्या फडक्यांना हिरवा, म्हणजे विसरलेलं फडकं कुणाचं यावरून भांडण नको. शिवताना तोंडाने तिचं नामस्मरण चालू असे.

हल्ली गिऱ्हाईक कमी झालं होतं. जागा टायरवाल्याला देऊन टाकू, असा बारक्याने धोशा लावला होता. एकदा जेवताना दादा वैतागून बोलून गेले, "बाबांची गाडी मला दुरुस्त करता येईनाशी झाली, की त्या दिवशी कुलूप लावू." दादांचा शब्द म्हणजे शब्द. बारक्याने त्यानंतर टायरवाल्याचं नाव काढलं नाही, आणि थोड्याच दिवसांत बाबांची गाडी बंद पडायला लागली.

आजारही असा, की हाती लागेना. चांगली पळता पळता आचके द्यायची आणि मान टाकायची. स्टार्टर फिरे, ठिणगी येई, पण इंजिन घेत नसे. तासभर उभी ठेवली की पहिल्या किल्लीला सुरू, जसं काही झालंच नाही. दादांनी कॉइल बदलली, पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा सोडवून धुतला. आज धाकटीचा चष्मा आणायला दोघं गेले होते, येताना तेच झालं. बारक्याला फोन केला, तर तो म्हणाला, "सोडा तिला तिथंच. आता तरी मान्य करा, दादा. मी भंगारवाल्याशी बोलतो." तुम्ही येणार कसे, हे त्याने विचारलं नाही. तासभर थांबायचं दादांच्या मनात उरलं नाही, दोघं चालायला लागले.

"काहीतरी दुसरं बोल बाई," दादा चालता चालता म्हणाले. "डोक्यात नुसता पंप फिरतोय."

"दुसरं काय बोलू? सकाळी मोरी तुंबली होती."

"बोल, मोरीचं बोल."

"नळ सोडला की तुंबायची, बंद केला की थोड्या वेळाने आपोआप मोकळी. मला वाटलं भुताटकी आहे. हात घातला तर भांडी पुसायचं फडकं. पाण्याच्या ओढीने भोकावर जाऊन बसायचं, ओढ थांबली की सुटायचं."

दादा चालायचे थांबले. ती चार पावलं पुढे गेली, मग वळली.

"दादा, ऊन लागतंय का?"

"मागे फिर," दादा म्हणाले. "मी पंप बदलला, नळी बदलली. टाकीत डोकावलोच नाही. टाकीत काय बिघडणार?"

गाडी ठेवली तिथेच होती. किल्ली फिरवल्याबरोबर सुरू झाली. "नाटकी," म्हणून दादांनी ती बंद केली. डिकीतलं सामान काढलं, तळाचा गालिचा उचलला. खाली टाकीवर पेट्रोलच्या काट्याची गोल झाकणी होती, तिचे स्क्रू काढले. वास भपकन वर आला. धाकटीने मोबाईलचा उजेड धरला. दादांनी तारेला आकडा केला आणि आत फिरवला, हलक्या हाताने, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसा.

फडकं आलं. पेट्रोलने निथळत होतं.

दादांच्या तोंडावर आधी हसू आलं. "सापडलं गं! मला वाटलं, अक्कल संपली माझी." त्यांनी फडकं पिळलं, उलगडलं, आणि कोपरा बोटांत आला तसं ते हसू हळूहळू उतरलं.

कोपऱ्यात टाके होते. दोरा टाक्यांपासून बोटभर राहिला होता. पुढे कात्रीने सरळ कापलेला. हिरवा.

चुकून पडलं असतं तर अख्खा दोरा असता. टाके उसवायचं कापणाऱ्याला सुचलं नव्हतं. किंवा, धाकटीला वाटलं, दादा आत बघणारच नाहीत अशी खात्री असेल. टाकीचं पेट्रोल भरायचं झाकण गेल्या महिन्यात बारक्यानेच बदललं होतं, आणि भावाने हात लावलेल्या कामाकडे दादा पुन्हा बघत नसत. तिच्याशिवाय हे ज्याला ठाऊक होतं असा माणूस घरात एकच होता.

तिने मनात देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण जिभेवर नवऱ्याचंच येत राहिलं.

दादांनी झाकणी बसवली. एकेक स्क्रू नेहमीसारखा आधी हाताने, मग स्क्रू-ड्रायव्हरने. फडकं त्यांनी फेकलं नाही, घडी करून डिकीत ठेवलं. मग दोघं गाडीत बसले. गाडी पूल ओलांडून गेली, चढ चढली, एकदाही अडखळली नाही. एरवी दादांनी डॅशबोर्डवर थाप मारून तिला शाबासकी दिली असती.

घराच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. गॅरेजचं दार तिथून दिसत होतं. दारात बारक्या टायरवाल्याशी बोलत उभा होता.

"मघाशी तू म्हणालीस," दादा समोर बघत म्हणाले, "देव उपाशी ठेवणार नाही. हे बारक्या बोलला होता. परवा, जेवताना."

"हो. त्यांचंच ऐकून म्हणाले मी."

"दोरे तू शिवतेस. फडकी तू देतेस."

इतकी वर्षं या माणसाने तिच्या हातचं जेवताना कधी उलटून विचारलं नव्हतं, की यात काय घातलंस.

दादांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. बोटांना अजून पेट्रोलचा वास येत होता.

"तू देवाची शपथ घेत नाहीस, माहीत आहे मला. शपथ नको," ते म्हणाले. "खाली उतरायच्या आधी नुसतं सांग, की तुला माहीत नव्हतं. एवढं माझ्यासाठी कर."