खुल्या प्रार्थनेतलं नाव

आमच्या चर्चमध्ये उपदेशानंतर खुली प्रार्थना असायची. ज्याला वाटेल त्याने उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची. कोणाची लांबली, की पाळक पेटीकडे बघत आणि पेटी वाजवणारे माझे वडील पुढच्या गीताचा सूर धरत. मंडळी गायला लागली की बोलणारा खाली बसे. याचा राग कोणी धरत नसे. एक म्हातारे काका उभे राहिले की मागच्या बाकावरून कुजबुज यायची, "आज आदामापासनं सुरुवात हाय. नोहा येईस्तोवर घरचं कालवण आटंल."

मावशीचा नवरा रेवदंड्याच्या एका मासेमारी बोटीवर खलाशी होता. वादळात बोट उलटली. बाकीच्यांना दुसऱ्या बोटीने उचललं. तो सापडला नाही. समुद्रावर असलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत पाळक दर रविवारी त्याचं नाव घेत. नाताळ जवळ आला तेव्हा एका रविवारी त्यांनी ते घेतलं नाही. 'शोकात असलेल्या कुटुंबाचं सांत्वन कर,' एवढंच म्हणाले. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. नाव वगळण्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

त्या दिवशी खुल्या प्रार्थनेत मावशी उभी राहिली.

"प्रभू, तो पाण्यात आहे. त्याला धरायला काहीतरी दे. त्याला किनाऱ्याला लाव."

तिने त्याचं नाव घेतलं. मग पुन्हा घेतलं, आणि घेतच राहिली. पाळकांनी पेटीकडे पाहिलं. वडिलांचा हात भात्यावर होता, पण भाता हलला नाही. शेवटी पाळकांनी स्वतःच गीत सुरू केलं. आधी पुढचे बाक गाऊ लागले, नंतर सगळे. मावशीचे ओठ हलताना दिसत होते. दुसऱ्या कडव्याला ते थांबले.

बाहेर आल्यावर पाळक तिला म्हणाले, "ताई, आपण जिवंतांसाठी मागतो. गेलेल्यांना देवाच्या हाती सोपवतो."

"साहेब, तो गेला म्हणून तुम्हाला कोणी सांगितलं?"

"किती दिवस झाले, ताई."

"तो गेला का, तेच विचारत होते ना मी देवाला. मध्येच गाणं कशाला घातलंत?"



पुढच्या रविवारी उपदेश संपल्यावर त्यांनी लगेच आशीर्वाद दिला. खुली प्रार्थना झालीच नाही. मावशी तोवर समोरचा बाक धरून उभी राहिली होती. लोक तिच्या बाजूने वाट काढत बाहेर पडले.